तांब्याचा रंग रत्ना सांगते

३ मार्च, सोमवार

भोक पडलं! एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून तांब्याच्या पाइपाला भोक पडलं.

गारखेड्यात एका दातांच्या दवाखान्यात एसी बसवत होतो. आतलं युनिट भिंतीवर, बाहेरचं गच्चीवर, मधे तांब्याचे दोन पाइप — एक बारीक, एक जाड. जाड पाइपाला जोड द्यायचा होता. तोंडं घासून साफ केली, एकात एक बसवली, गॅसची टॉर्च पेटवली. आता तांबं किती तापलं हे नुसतं त्याच्या रंगावरून ओळखायचं असतं. बरोबर रंग आला की रॉड टेकवायचा, तो वितळून आपोआप फटीत शिरतो. आधी टेकवला तर गोळा होऊन बसतो, उशीर केला तर तांबंच जळतं. मी रंगाची वाट बघत उभा. रंग आलाच नाही. म्हणजे येऊन गेला होता, मला दिसला नाही.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, रॉड खराब लागला. पाइप कापला, नवा तुकडा घातला, अंदाजानं जोड दिला. टिकला, नशीब. रत्नाला काही बोललो नाही. वहीला सांगतोय.

५ मार्च, बुधवार

मी बोललो नाही तरी बायकोला कळलंच. म्हणे, पंधरा दिवस झाले, तुम्ही चष्म्याबिगर पेपर वाचता आणि समोरून आलेल्या माणसाला ओळखत नाही. लगेच आदिनाथला पुण्याला फोन. पोरानं तिथूनच डोळ्यांच्या दवाखान्यात नाव लावलं. मला विचारलंय कुणी!

मोतीबिंदू. उजव्या डोळ्यात चांगला पिकलाय, डाव्यात सुरुवात. मी ऐटीत सांगितलं, पण डॉक्टर, जवळचं मला आता चष्म्याशिवाय दिसतंय. डॉक्टर हसले. तीच तर त्याची लबाडी, म्हणाले. काही दिवस जवळचं सुधारतं, माणूस खूश होतो, आणि तोवर रंग जात राहतात. लाल आणि तपकिरी एकच दिसत असेल तुम्हाला, दिव्याभोवती धुरळा दिसत असेल.  काम काय करता, म्हणाले. म्हटलं, आगीकडे बघायचं.

ऑपरेशन २४ तारखेला ठरलं. छोटंसं असतं, दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. फार लांबवू नका पण, जास्त पिकला की काढायला अवघड जातो. रत्नानं प्रत्येक गोष्ट दोनदा विचारून घेतली. डॉक्टरांनी शेवटी सगळी उत्तरं तिच्याकडेच बघून दिली. मी आपला तिथं पेशंट म्हणून बसलो होतो.

६ मार्च

हाताखालचा गडी वाळूजच्या कंपनीत लागला. चांगलं झालं त्याचं. माझं काय, हे कुणी विचारू नये.

८ मार्च, शनिवार

वेरूळला एका लॉजवर दोन एसी होते. लॉजवाल्यानं गाडी पाठवली. मी मागं सिलिंडर चढवतोय तर रत्ना पदर खोचून पुढच्या सीटवर! आदिनाथचा हुकूम म्हणे — बाबांना एकट्याला सोडायचं नाही. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, ही कधी माझ्या कामावर आली नव्हती. लाजेपोटी ड्रायव्हरला सांगितलं, देवदर्शनाला येतेय. तिनं जागच्या जागी दुरुस्ती केली: आधी काम, देव नंतर.

गच्चीवर उन्हात तांब्याचा रंग दिसत नाही, डोळे धड असलेल्यालाही नाही. म्हणून आम्ही आडोसा करतो, पुठ्ठा, गोणपाट, मिळेल ते. रत्नानं घरची काळी छत्री आणली होती. ती धरून बाजूला उभी राहिली. मी टॉर्च पेटवली आणि विचारलं, लाल झालं का?

झालं, म्हणाली. रॉड टेकवला, गोळा झाला. परत तापवलं. आता? आता पण लालच. टेकवला, परत गोळा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिडली.

"मगाचपासून लालच हाय म्हणते ना मी. तांबं लालच असतं, त्यात काय इचारायचं?"

खरं होतं तिचं. एकतीस वर्षं मी एका 'लाल'वर धंदा केला, कारण बघणारा मीच आणि ऐकणाराही मीच. दुसऱ्याला सांगायची वेळच आली नाही.

कसंबसं उरकलं. छत्रीला एक ठिणगीचं भोक. देवाला हात बाहेरूनच जोडले.

९ मार्च, रविवार

आज घरच्या गच्चीवर शाळा भरवली. जुन्या पाइपाचे तुकडे घेतले, तापवत गेलो, आणि रत्नाला म्हटलं, तुला जे दिसेल ते तुझ्या शब्दात सांग.

हिचं माहेर मेंढरांचं. आमचंही. पण हिची ख्याती वेगळी होती. दीडशे मेंढरांत कुठलं कुणाचं हे ही नुसत्या रंगावरून सांगायची. आम्हाला सगळी काळी दिसायची, हिला एकही काळं दिसायचं नाही. ते मी विसरलो होतो. आज आठवलं, कारण माझ्या एका 'लाल'चे हिनं चार रंग केले. आधी वांगं. मग वीट. मग डाळिंब. आणि शेवटी झेंडू.

वीट असताना रॉड टेकवला की गोळा होतो. डाळिंबाला टेकवला की पाण्यासारखा आत जातो. झेंडू म्हणजे खेळ खलास. नऊ तुकडे तापवले आणि नऊ वेळा तेच. मला शिकवणाऱ्या उस्तादानं दोन वर्षं घेतली होती हे सांगायला, तेही शिव्या देऊन.

नळ आज येणार होता. आमच्या नादात अर्धा नळ गेला. शेजारणीनं दोन हंडे दिले.

१३ मार्च, गुरुवार

चार दिवसांत सहा जोड. एकही गळला नाही.

पद्धत बसलीय. मी टॉर्च फिरवतो, ती छत्री धरून बोलत राहते: वांगं... वांगं... वीट... वीट... डाळिंब! मी रॉड टेकवतो. सिडकोतल्या एका घरची सून दारातून बघत होती. तिला वाटलं, काका-काकू भाजीची यादी करतायत. रत्ना हसली की छत्री हलते, म्हणून कामाच्या वेळी हसायचं नाही असा नियम मी केलाय. तो तीच रोज मोडते.

आणखी एक लिहून ठेवतो. दुपारचा डबा आम्ही टाकीच्या सावलीत बसून खातो. इतकी वर्षं हा डबा ती पहाटे उठून भरायची आणि मी दुपारी एकटा उघडायचो. भाकरी तीच, ठेचा तोच. पण ती समोर बसली की लक्षात येतं, ही स्वतःच्या वाटची कांद्याची फोड आधी माझ्याकडे सरकवते. घरी कधी दिसलं नाही मला. म्हणजे बघितलं नाही.

१४ मार्च

रत्ना मला आवडते. सत्तावन्नाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते, पण वही कोण वाचणार आहे.

१९ मार्च, बुधवार

आदिनाथचा फोन. सोमवारी सकाळी आठला उपाशी पोटी हजर राहायचं, मी रविवारीच येतो. रत्नानं सगळं कॅलेंडरवर लिहून घेतलं. फोन ठेवल्यावर मी सहज म्हणालो, सोमवारनंतर मग तुझी सुटका.

"व्हय," म्हणाली, "तुमचा डोळा बरा झाला की मंग माझं काय काम तिथं?"

एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला घेतली. पाठमोरी होती. सुटल्याचं बोलली का कशाचं बोलली, कळलं नाही. पण मला काही ते बरं वाटलं नाही. डोळा बरा झाला की परत मी एकटा, परत टाकीच्या सावलीत एकट्याचा डबा. आणि ही घरी, दार लावून, संध्याकाळपर्यंत.

२२ मार्च, शनिवार

केलं एकदाचं. दवाखान्यात फोन केला आणि तारीख रद्द केली. सीझन आहे म्हटलं, कामं अंगावर आहेत. त्यांनी २१ एप्रिल दिली.

घरी पण तेच सांगितलं. आदिनाथ चिडला. रत्ना नुसती "बरं" म्हणाली. मला वाटलं होतं भांडेल. माझ्यासारखा लबाड माणूस मुकुंदवाडीत दुसरा नसेल. रात्री झोप मात्र छान लागली.

३० मार्च, रविवार. पाडवा

देवगाव रंगारीला आईकडे. आता एकही मेंढरू राहिलं नाही, पण आई, बानाबाई, अजून पहाटे चारला उठते. गुढी उभी केली, जेवलो. चुलतभाऊ मला चिडवायला लागले, त्रिंबक बायकोला छत्री धरायला नेतो, सायब झाला. मी जरा वरमलो. आई कोपऱ्यात पानाला चुना लावत होती. मान वर न करता म्हणाली,

"तुझा बाप मेंढरं घेऊन चार महिने रानोमाळ फिरायचा, तवा मी मागं नव्हते का? आमच्यात बाई घरी बसली कवा रं? तू शहरात गेला आन् तिला दार लावून बसवलं. ते नवं हुतं. हे नाय."

 लहानपणी मी घोड्यावर, बिऱ्हाडाच्या वर बसलेला, पुढं बाप, मागं आई, दिवसभर दोघं एकमेकांच्या नजरेत. मला वाटायचं आपण त्या वणवणीतून बायकोला सोडवलं. पक्कं घर दिलं, पंखा दिला. असं उलटं कधी मोजलंच नव्हतं.

परत येताना बसमध्ये रत्ना खिडकीशी. म्हणाली, सासूबाई लई शानी बाई हाय.

७ एप्रिल, सोमवार

मोठं काम लागलं. क्रांती चौकाजवळ तिसऱ्या मजल्यावर नवी अभ्यासिका होतेय. स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी बसणार. चालवणारी प्रेरणा नावाची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची असेल. स्वतः चार वर्षं परीक्षा देऊन झाली, आता म्हणते दुसऱ्यांना तरी धड जागा मिळू दे. एक मेला पोरं बसायला येणार. पाच एसी, पाइप लांबलचक, सगळे छताच्या फळ्यांवरून जाणारे. म्हणजे जोड बरेच आणि एकदा फळ्या लागल्या की झाकले गेलेले.

आतला जोड देताना पाइपातून नायट्रोजन सोडत राहावा लागतो, नाहीतर आत काजळी धरते आणि पुढं मशीन मरतं. पण हळू सोडायचा. तो कॉक रत्नाकडे दिला. दुसऱ्या टोकाला गाल लावून बघते, गालाला जेमतेम वारा लागला की बास. प्रेरणानं विचारलं, याला मीटर नसतं का? आहे ना, मी म्हणालो, पण गाल जास्त बरोबर आहे.

११ एप्रिल

आज नवीनच झालं. वरच्या कोपऱ्यात जागा अडचणीची, मला टॉर्च दोन्ही हातांनी धरावी लागत होती. रॉड तू धर, म्हणालो. ती घाबरली नाही. डाळिंब म्हणाली आणि स्वतःच टेकवला. जोडाभोवती कड अशी सारखी बसली, की मी चारदा बोट फिरवलं. गार झाल्यावर.

आता सगळे जोड तसेच. माझा हात, तिचा डोळा, रॉड तिच्या हातात. एका जोडाला दोन माणसं — धंद्यातले लोक हसतील. हसू देत.

१८ एप्रिल, शुक्रवार

२१ तारीख जवळ आली. काय सबब सांगायची सुचेना. आणि आज दुपारी रत्नानंच सांगितलं, दवाखान्यातून फोन आला होता, त्यांचं मशीन बिघडलंय, आता १९ मे.

अरेरे, मी म्हणालो. ती पण अरेरे म्हणाली. आदिनाथला तिनंच कळवलं.

देवाच्या मनात काय असतं सांगता येत नाही. मी काही केलं नाही यात, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो.

२६ एप्रिल, शनिवार

आईला ताप आला म्हणून रत्ना कालच देवगावला गेली. अभ्यासिकेत एकच जोड उरला होता. छतवाला शिडी घेऊन उभा, फळ्या लावायच्या खोळंबल्यात म्हणत होता. प्रेरणा म्हणाली, काकू आल्यावर करा, घाई नाही. हे मला लागलं. काकू आल्यावर! मी काय काल धंद्यात आलो का?

केला एकट्यानं. दिवे घालवून अंधार केला, डोळे बारीक केले, मनात चार आकडे मोजले आणि टेकवला. चांगला वाटला. छतवाल्याला म्हटलं, लाव फळ्या.

एक दिवस नायट्रोजन भरून दाबाचा काटा बघायचा असतो, मग झाकायचं. हे मीच सगळ्यांना सांगत आलोय.

२८ एप्रिल, सोमवार

शनिवारी चारशेवर ठेवलेला काटा आज तीनशे दहावर. गळती!

प्रेरणाचा चेहरा पडला. तीन दिवसांनी पोरं येणार, बाकं लागलेली, आणि फळ्या उतरवायच्या. रत्ना सकाळच्या बसनं परत आली होती (आईला बरं आहे), ती शिडीवर चढली. साबणाचा फेस लावत एकेक जोड बघत गेली. अकरा जोड कोरडे. बाराव्यावर बुडबुडे. माझा होता, परवाचा.

मी खाली शिडी धरून उभा होतो. प्रेरणानं हळूच विचारलं, काका, तुम्हाला नीट दिसतं ना?  एकतीस वर्षांची पत एका प्रश्नात गेली असं वाटलं. वरून रत्ना बोलली. आवाज चढवला नाही.

"त्यांना दिसत नाय, ताई. मोतीबिंदू हाय. पण हात त्यांचा हाय आन् डोळा माझा. अकरा जोड दोघांनी केले, ते बगा कोरडे हायत. हा त्यांनी माझ्याबिगर केला. असं परत व्हायचं नाय."

मग मला म्हणाली, टॉर्च द्या. रागावली होती. तसंच जोड कापून नवा केला. एका शब्दाची चेष्टा नाही, नुसते रंग. वांगं. वीट. डाळिंब.

२९ एप्रिल

काटा चारशेवर. हलला नाही. प्रेरणानं आम्हा दोघांना चहा दिला आणि कागदावर दोघांचीही नावं लिहून घेतली, पुढच्या कामाला म्हणून. त्रिंबकराव, रत्नमालाताई. रत्नानं तो कागद वाचला आणि परत वाचला.

रस्त्यात मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, माझ्यासाठी काऊन नाय थांबलात? म्हटलं, गर्व. "बरं झालं, गळला तो," म्हणाली.

२ मे, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सिडकोत एक जुना बंगला. गच्चीला एका बाजूनं कठडा नाही. ऊन पांढरंफेक, मला सगळीकडे नुसता उजेड. पाइपाचं भेंडोळं उलगडत मागं मागं सरकत होतो. किती सरकलो कळलं नाही. एकदम मागून शर्ट ओढला गेला आणि मी रत्नाच्या अंगावर पडलो. शर्ट खांद्यात फाटला. बघितलं तर भेंडोळं खाली अंगणात.

मी हसण्यावारी न्यायला गेलो. रत्ना उठलीच नाही. तिथंच तापलेल्या गच्चीवर बसून राहिली, आणि रडायला लागली. तिला मी दोनदाच रडताना पाहिलंय — तिचा बाप गेला तेव्हा, आणि आदिनाथ पुण्याला गेला तेव्हा. माझ्यामुळं झालं असतं, माझ्यामुळं, असं सारखं म्हणत होती. मी म्हटलं, अगं वेडे, तू तर वाचवलंस. तर आणखी रडली.

काम अर्धं टाकून घरी आलो. उद्या दवाखाना, म्हणाली. एकोणीस तारीख वगैरे काही नाही. उद्या.

३ मे, शनिवार

डॉक्टर रागावले. दोन महिन्यांत पार पिकलाय, आणखी लांबवलात तर माझी जबाबदारी नाही, म्हणाले. मंगळवारची तारीख. रत्ना एक शब्द बोलली नाही, नुसती मान खाली. एरवी दोनदोनदा विचारणारी बाई!

मला तिची दया आली. खरा गुन्हेगार शेजारी बसला होता.

५ मे, सोमवार

उद्या ऑपरेशन. आदिनाथ आलाय, आत झोपलाय.

सांगायचं का हिला? मार्चात सीझनबिझन काही नव्हतं, तू सोबत येत राहावीस म्हणून मी डोळा पिकू दिला, असं? आणि त्यापायी परवा तुझ्यादेखत खाली जात होतो. ऐकून काय म्हणेल? सत्तावन्न वर्षांचा घोडा आणि बायको सोबत हवी म्हणून दवाखाना चुकवतो.

तीनदा तोंड उघडलं. एकदा ती डबे घासत होती. एकदा आदिनाथ मधे आला. तिसऱ्यांदा तिनंच विचारलं, काय? मी म्हटलं, पाणी दे.

डोळा बरा झाला की ती येणार नाही. तिनंच सांगितलंय, तिथं मग तिचं काय काम. सांगून तरी काय व्हायचंय आता. पण डोळा हवा. परवा तिला रडताना बघून कळलं, माझ्या लबाडीची किंमत ती देत होती.

७ मे, बुधवार

लिहू नका म्हणालेत. चार ओळीच.

पट्टी काढली. लख्ख! नर्सबाई, अमृता नाव, कागद भरताना म्हणाल्या, बाबा, दोनदा तारीख रद्द केलीत, उगाच घाबरलात ना? म्हटलं, मी एकदाच केली, दुसऱ्यांदा तुमचं मशीन बिघडलं होतं. त्या हसल्या. मशीन एक दिवस बंद नव्हतं, म्हणाल्या, रजिस्टरला आहे, अठरा एप्रिलला घरून बाईंचा फोन आला होता.

रत्ना औषधाची पिशवी घेऊन दारातच उभी.  आदिनाथ गोळ्या आणायला थांबला, आम्ही दोघं रिक्षात बसलो. क्रांती चौकाचा सिग्नल लागला तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली,

"घरात लगीन हाय म्हणून सांगितलं मी. दुसरं काय सुचलंच नाय."